मटण शिजेपर्यंत
(सुट्टीतली संगत : लेखांक पाचवा)

या आठवड्यात एम.डी. म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या अंकात. मधेच वडगावच्याच एका ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याला उत्तर द्यायला उशीर करून चालणार नाही. सुट्टी निम्मी सरत आली आहे.

ताई लिहितात : "पोरगं दहावीचे पेपर देऊन मोकळं झालंय. त्याचे चुलतभाऊ, मामेभाऊ रविवारी मळ्यात रस्सा मंडळ करतात. यंदा ह्यालाही बोलावणं आलंय. नको म्हटलं तर चोरून जाईल. जा म्हणायला जीभ रेटत नाही, कारण त्याच्या वडलांचं पिणं तिथंच सुरू झालं."

ताईंना भीती घरच्याच माणसांची आहे, आणि ती खरी आहे. एरवी आपण बाहेरच्यांना भितो. नोव्हेंबर 2021 मध्ये चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत मुंबई पोलिसांनी एम.डी.चा अड्डा पकडला. मार्च 2024 मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत पकडला. अशा बातम्या आल्या की आईबाप अनोळखी विक्रेत्याच्या धास्तीनं शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला येऊ लागतात. ती काळजी योग्यच आहे. पण इतक्या वर्षांत मी ज्या मुलांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांना पहिला घोट देणारा माणूस घरचा निघाला. मामाचा मुलगा, आत्याचा मुलगा, हळदीला आलेला दाजी, गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता. आणि जागा विचारली की हमखास उत्तर यायचं, मळ्यात.

रस्सा मंडळाबद्दल मला आपुलकी आहे, हे आधीच सांगतो. वर्गणी काढायची, सकाळी मटण आणायचं, आंब्याखाली तीन दगडांची चूल मांडायची. कुणी कांदा चिरतो, कुणी खोबरं भाजतो, एकजण पाट्यावर वाटण करायला बसतो. आळणी काढून ठेवायची, तिच्यातून पांढरा आणि कांदा-लसूण चटणीतून तांबडा. ज्या घरात पुरुष चहाचा कप विसळत नाही, त्या घरातला पुरुष इथं डोळ्यांतून पाणी काढत फुंकणी मारतो. आपल्याकडचा हा चांगला रिवाज आहे आणि तो मोडावा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्यातली एक वेळ नीट पाहा. डेचकं चुलीवर चढलं की मटण शिजेपर्यंत कुणाला काही काम उरत नाही. बोकड जून असेल तर दीड-दोन तास जातात. त्याच वेळेत पिशवीतून बाटली निघते. बहुधा गोव्याहून आणलेली, स्वस्तातली. पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नसतं आणि रिकाम्या पोटी दारू रक्तात झपाट्यानं भिनते. मटण शिजून उतरतं तेव्हा निम्म्या मंडळींना चव कळायची राहिलेली नसते. ज्यासाठी सगळे जमले, तेच ताटात वाया जातं.

या दोन तासांत नवं पोरगं काय करतं? त्याला कामं सांगतात. ग्लास घेऊन ये. बर्फ आण. चकणा संपला, टपरीवर जा. पहिल्या रविवारी ते फक्त आणून देतं. दुसऱ्या रविवारी ओततं, कारण कुणाला किती लागतं हे त्याला पाठ झालेलं असतं. तिसऱ्या रविवारी कुणीतरी म्हणतं, "एवढं करतंय बिचारं, द्या की त्याला पण थोडी. बिअर हाय, बिअर म्हंजे काय दारू न्हवं." देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला ते प्रेमच वाटतं. म्हणून मुलाला नाही म्हणणं इतकं जड जातं. अनोळखी माणसाला झटकता येतं, दादाला कसं झटकणार?

बिअरचा हिशेब एकदा मांडून टाकू. स्ट्राँग बिअरमध्ये आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. 650 मिलीची बाटली म्हणजे साधारण 52 मिली शुद्ध अल्कोहोल. 30 मिली व्हिस्कीच्या लहान पेगमध्ये ते 13 मिलीच्या आत असतं. म्हणजे एक बाटली बिअर पाजणारा दादा त्या सोळा वर्षांच्या पोराला चार पेग पाजतो. त्यानंतर पोरगं विहिरीत उडी टाकतं, नाहीतर गाडीला किक मारून वाठारच्या हायवेला लागतं.

आणि वय. कवटीच्या पुढच्या भागातला मेंदू, जो 'थांब, पुढचा विचार कर' म्हणतो, तो पुरता पिकायला पंचविशी उजाडते. मौज मागणारा भाग मात्र चौदा-पंधराव्या वर्षीच जोरात असतो. अमेरिकेत 1992 साली झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की पंधरा वर्षांच्या आत दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी व्यसनाच्या विळख्यात सापडले. विशीत किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. लवकर सुरुवात करणाऱ्यांच्या घरची परिस्थितीही बऱ्याचदा वेगळी असते, हे खरं. तरीही पहिला घोट चार-पाच वर्षं लांबवणं हे आईबापांच्या हातातलं मोठं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता ताई, तुमचं उत्तर. त्याला पाठवा. पण आधी त्या मंडळातल्या सगळ्यात मोठ्या भावाला घरी बोलवा आणि पोराच्या देखत सांगा की ह्याला चुलीपाशी बसवायचं, ग्लासांपाशी नाही. पांढऱ्या रश्श्याचं काम त्याच्याकडे द्यायला सांगा. पांढरा रस्सा फार नाजूक असतो, आच जरा वाढली की फुटतो, त्याच्यापासून उठता येत नाही. हाताला काम असलेलं पोरगं पिशवीकडे जात नाही. डब्यात चार भाकरी आणि भाजी द्या, म्हणजे दुपारपर्यंत ते उपाशी राहणार नाही. आणि त्याच्याशी एक खूण ठरवून ठेवा. त्यानं फोन करून "आजीचं औषध आणलं काय?" एवढंच विचारलं की तुम्ही त्याला तातडीनं घरी बोलवायचं आणि कारण विचारायचं नाही. चारचौघांत नाही म्हणायला सोळाव्या वर्षी धाडस लागतं. ते धाडस येईपर्यंत त्याला निघून यायला वाट असू द्या.

राहिले इतर सहा दिवस. इथं मला आइसलँडची गोष्ट सांगायचीच आहे. 1998 मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी मागच्या महिनाभरात नशा चढेपर्यंत दारू प्यायल्याचं सांगितलं होतं. 2016 मध्ये ते प्रमाण पाच टक्क्यांवर आलं. व्याख्यानांच्या भरवशावर न राहता त्यांनी मुलांची संध्याकाळ भरून काढली. खेळाची मैदानं, संगीताचे वर्ग, त्यासाठी घरोघरी नगरपालिकेचे पैसे. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर राहायचं नाही, असा नियम केला. पालक टोळीटोळीनं रात्री गावातून फेरी मारू लागले.

हे वाचताना मला आपल्या तालमी आठवत राहिल्या. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं, गावोगाव तालमींना बळ दिलं. पहाटे आणि संध्याकाळी पोरगं तांबड्या मातीत असायचं आणि त्याच्यावर वस्तादाची नजर असायची. डोळे तांबारलेले दिसले की वस्ताद घरी निरोप धाडायचा. आइसलँडनं पैसे खर्चून जी नजर तयार केली, ती आपल्याकडे होती. आज कित्येक तालमींच्या जागी मंडळाचं ऑफिस आणि कॅरम आहे. काही जिममध्ये तर मेफेंटरमाईनची इंजेक्शनं पोरांना टोचली जातात. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध आहे. त्याच्यावर एक पूर्ण लेखांक लिहायचा आहे, म्हणून इथं थांबतो. वडगावात ज्यांच्याकडे तालमीची किल्ली आहे, त्यांनी मे महिन्यापुरती तरी संध्याकाळी ती उघडावी आणि एक जाणता माणूस तिथं बसवावा.

कायदाही सांगून ठेवतो, कारण मळ्यातल्या बहुतेक दादांना तो ठाऊक नसतो. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. देणारा सख्खा भाऊ असला तरीही.

तेव्हा येत्या रविवारी मळ्यात जाणाऱ्या दादांनो, तुमच्यात एखादं दहावी-बारावीचं पोरगं असेल तर त्याला ग्लास आणायला पाठवू नका. ग्लास तुमचे तुम्ही आणा. आणि जमलं तर एक रविवार बाटलीशिवाय रस्सा करून बघा, मला कळवा. ज्या घरात गोष्ट पुढे गेली आहे, त्यांनी लाज न धरता 14446 या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करावा.