अंगावरचे कापड आणि छायाचित्रातले कापड

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मावशीने शिवलेली खणाची चोळी परत आली. माप चुकले नव्हते, शिवणही उसवली नव्हती. गिऱ्हाईक कलबुर्गीचे. त्या बाई फोनवर एवढेच म्हणाल्या, "बण्ण बेरे अदरी." रंग वेगळा आहे. छायाचित्रात चोळी विटकरी दिसत होती. हातात पडली ती जांभळी. ते छायाचित्र मीच काढले होते. ताईला चोळी नेसत्या लुगड्यावर घालायला लावून, रात्री, स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली.

माल विक्री अधिनियम 1930 आम्ही वाणिज्य शाखेची मुले परीक्षेपुरता पाठ करतो. कलम 15 वर्णनानुसार विक्रीचे, कलम 17 नमुन्यानुसार विक्रीचे. माल वर्णनाशी किंवा नमुन्याशी जुळला पाहिजे. छायाचित्र यांपैकी कशात बसते, हा वाद प्राध्यापक मंडळींनी सोडवावा. मावशीची मजुरी मात्र बुडाली, आणि त्यामुळे कपड्याचे छायाचित्र म्हणजे काय, याचा मी प्रथमच विचार केला.

दिव्याचा उजेड पिवळा असतो, त्यात निळा अंश कमी. जांभळ्या रंगातला निळा परतून यायला मुळात उजेडात निळा हवा ना! आपला डोळा ही तूट मनातल्या मनात भरून काढतो. कॅमेराही तसा प्रयत्न करतो, पण पुष्कळदा फसतो. उपाय साधा आहे. दिवसाच्या उजेडात, कापडाशेजारी पांढरा स्वच्छ रुमाल ठेवून एक छायाचित्र घ्यावे. रुमाल पिवळट किंवा निळसर दिसला, तर कापडाचा रंगही तितकाच बिघडला आहे असे समजावे.

दुसरी खोड उजेडाच्या मापाची. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून कॅमेरा चालतो. म्हणून काळी चंद्रकळा राखाडी दिसते आणि पांढरेशुभ्र धोतर मळल्यासारखे. मोबाईलच्या पडद्यावर कापडावर बोट टेकवून, काळ्यासाठी उजेड थोडा खाली आणि पांढऱ्यासाठी थोडा वर सरकवावा. एवढ्याने निम्मे काम होते.

आता जागा. बीदरला राहून किल्ल्यात छायाचित्र काढले नाही असा विद्यार्थी विरळाच. पण किल्ला जांभ्या दगडाचा. उन्हात त्या भिंतीला टेकून उभे राहिले की तांबूस झाक कपड्यावर आणि गालावर उतरते. इरकलीचा लाल पदर तिथे भिंतीत मिसळून जातो. हिरवे लुगडे मात्र उठून दिसते. लालसाठी मला महमूद गवानचा मदरसा बरा वाटतो. 1472 सालच्या या इमारतीची दर्शनी बाजू पूर्वेला असल्याने दुपार कलल्यावर तिच्यापुढे सावली पडते, आणि उरलेल्या निळ्या-हिरव्या फरशांपुढे लाल रंग खुलतो. भर दुपारी मात्र कुठेच जाऊ नये. आपण 18 अक्षांशाच्या आसपास राहतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि निऱ्यांची घडी न घडी सपाट दिसते.

खणाला मऊ सावलीपेक्षा तिरपा उजेड मानवतो. गुळेदगुड्डच्या खणाची बुट्टी विणीतून उठलेली असते. सकाळचे ऊन बाजूने आले की तिला स्वतःची बारीकशी सावली मिळते आणि वीण बोटाला लागेल अशी दिसते. समोरून फ्लॅश मारला की तोच खण छापील वाटतो. बिदरी कर्णफुले घातली असतील तर फ्लॅश नकोच; चांदीच्या तारेवर पांढरा ठिपका उमटतो, काळ्यावरची नक्षी हरवते.

मोबाईलचे भिंग रुंद दृश्य घेते. जवळून, डोळ्यांच्या उंचीवरून काढले की डोके मोठे आणि पाय आखूड. दहा पावले मागे जावे, फोन कमरेच्या उंचीवर सरळ धरावा आणि मग चित्र जवळ आणावे. कपडा सैल असेल तर पाठीमागे टाचणी लावतात. स्वतःच्या हौसेसाठी ते चालेल, विकायच्या कपड्यासाठी ती लबाडीच. त्वचा गोरी करणारी सोयही मी बंद ठेवते. ती सावळ्या मुलीचा अपमान तर करतेच, शेजारच्या कापडाचा रंगही फिकट करते.

आमच्या ताईची अडचण वेगळी होती. चेहरा दाखवायचा नाही, ही घरची अट. आपल्या भागात ही अट जुनीच आहे. बीदर-गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते त्या काळी, 1892 साली, राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या बायकांची छायाचित्रे तिथे एक इंग्रज बाई काढीत. आमच्या ओसरीवर तसा थाट नाही, पण कॅमेरा माझ्याच हाती, म्हणून ताई मोकळेपणाने उभी राहते. चौकट हनुवटीखाली कापावी, मनगट किंवा घोट्यावर कधीच नाही, नाहीतर हात-पाय तोडल्यासारखे दिसतात. कधी तिला पाठमोरी उभी करते. चोळीची पाठ आणि पदराची टोपी-तेनी दोन्ही दिसतात, चेहऱ्याचा प्रश्नच उरत नाही.

परत आलेली चोळी आतून टाके घालून ताईने ठेवून घेतली. तिचे नवे छायाचित्र, रुमालासकट, मी त्या बाईंना पाठविले. त्यांनी आता हिरव्या खणाची चोळी सांगितली आहे. मावशी काजे करते आहे. उद्या साडेआठला ऊन ओसरीवर तिरपे येईल, तेव्हा काढीन.

— एक विद्यार्थिनी, बी.कॉम. तृतीय वर्ष