जर्मनीत स्वतःचा दवाखाना : परवानग्या तीन, एक नव्हे

आपल्या संस्थेतील अनेक सभासदांची मुले अलीकडे वैद्यकीय सेवेसाठी जर्मनीकडे वळू लागली आहेत. गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांची कन्या तेथून घरी आली होती. ती एम.डी. होऊन तेथील रुग्णालयाच्या बालरोग विभागात नोकरी करते. गावातील एक वृद्ध डॉक्टर निवृत्त होत असून त्यांचा दवाखाना विकत घेण्याची संधी तिच्यापुढे आली होती. वडील आयुष्यभराची ठेव मोडण्यास सिद्ध झाले होते. "काका, माझ्याजवळ तिथला परवाना आहे, मग अडचण कसली?" असे तिने मला विचारले.

परिषदेची नोंदणी आणि दवाखान्याची नोंदणी झाली की पाटी लावायची, ही आपली इंदूरची रीत. त्यामुळे तिचा प्रश्न स्वाभाविकच होता. जर्मनीत मात्र तीन स्वतंत्र दारे उघडावी लागतात.

पहिले दार वैद्यकीय परवान्याचे. तेथे त्यास 'अप्रोबात्सियोन' म्हणतात. २०१२ च्या कायद्याने त्यासाठीची नागरिकत्वाची अट गेली. परंतु पदवीची समकक्षता अथवा ज्ञानपरीक्षा, तसेच वैद्यकीय जर्मन भाषेची परीक्षा यांतून जावेच लागते. हा परवाना आपण वैद्य आहोत एवढेच सांगतो. तज्ज्ञत्वाची मान्यता प्रांतिक वैद्यक मंडळाकडून वेगळी मिळवावी लागते. तेथील बालरोगाचे प्रशिक्षण पाच वर्षांचे आहे, आपली एम.डी. तीन वर्षांची, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरे दार वास्तव्याच्या कायद्याचे. 'ब्लू कार्ड' हे नोकरीसाठी असते. त्यावर स्वतंत्र व्यवसाय करावयाचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी अनुमती लागते. वास्तव्य कायद्याच्या कलम २१ मध्ये वैद्यकासारख्या मुक्त व्यवसायांची सोय आहे. मात्र व्यवसायाचा परवाना हाती किंवा आश्वासित असला पाहिजे, आणि वय ४५ च्या पुढे असल्यास वृद्धापकाळाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. कायम वास्तव्याची अनुमती मिळाली की हा प्रश्नच उरत नाही. ब्लू कार्डधारकास ती साधारणतः २७ महिन्यांनी आणि पुरेशी जर्मन येत असल्यास २१ महिन्यांनी मिळू शकते. तेवढे महिने निवृत्तिवेतनाचे हप्ते भरलेले हवेत. गंमत अशी की, डॉक्टरने दवाखाना थाटणे आणि हे कायम वास्तव्य, या दोहोंसाठी जर्मन भाषेत 'नीडरलासुंग' हा एकच शब्द आहे. त्यातून गैरसमज न झाला तरच नवल!

तिसरे दार विम्याचे. सुमारे ९० टक्के लोक सार्वजनिक आरोग्यविम्यात आहेत. त्यांना तपासून विम्याकडून मोबदला घेण्यासाठी डॉक्टर व विमासंस्था यांच्या संयुक्त समितीकडून जागा मिळावी लागते, आणि ती मान्यताप्राप्त तज्ज्ञासच मिळते. एखाद्या भागात त्या शाखेचे डॉक्टर ठरलेल्या गरजेच्या ११० टक्क्यांहून अधिक झाले की तो भाग नव्या जागांसाठी बंद होतो. मग निवृत्त होणाऱ्याच्या जागेसाठी अर्ज करावा लागतो. निवड समिती करते, विकणारा नव्हे.

आमच्या या कन्येपाशी पहिल्या दाराचीच किल्ली होती, तीही तज्ज्ञत्वाच्या मान्यतेविना. तिने करार केला नाही. वडिलांची ठेव शाबूत राहिली. ती आता नोकरीत राहून तज्ज्ञत्वाची उरलेली अट पूर्ण करीत आहे.

पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते : मुलांची झेप जरूर पाहावी, पण पैसे पाठविण्यापूर्वी तिन्ही परवानग्यांचे कागद डोळ्यांनी पाहावेत. आणि करार करणे भागच असेल, तर 'परवानगी न मिळाल्यास व्यवहार रद्द' हे कलम त्यात आवर्जून घालून घ्यावे.