सॉफ्टबॉलचा टोला : जोर कोठून येतो?

सॉफ्टबॉल हा खेळ खानदेशास आतां नवा राहिलेला नाहीं. शालेय स्पर्धांच्या दिवसांत जळगांव व धुळें येथील मैदानांवर १४, १७ व १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ उतरतात, आणि कडेस उभ्या असलेल्या पालकांच्या व शिक्षकांच्या तोंडीं एकच उपदेश असतो, "जोरानें मार!" हा उपदेश आम्हींही पुष्कळ वर्षें केला. तो अपुरा कसा आहे, व त्यानें एका मुलीस जवळजवळ खेळाबाहेर कसें घालविलें, हें सांगून टोल्याचें खरें तंत्र विशद करावें असा आमचा हेतु आहे.

या खेळाचा जन्म १८८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं झाला. जॉर्ज हॅन्कॉक यांनीं मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली व बंदिस्त दालनांत तो प्रथम खेळविला. 'सॉफ्टबॉल' हें नांव १९२६ सालीं वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे वॉल्टर हॅकान्सन यांनीं सुचविलें. नांवांत मऊपणा असला, तरी आजचा १२ इंच परिघाचा चेंडू मुळींच मऊ नाहीं. स्त्रियांच्या खेळांत चेंडू टाकणारी ४३ फुटांवर उभी असते. ती हात चक्राकार फिरवून, एक लांब पाऊल पुढें टाकून, कमरेजवळून चेंडू सोडते. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आंत फलंदाजाजवळ येतो. तेवढ्या अवधींत चेंडू पाहणें, मारावा कीं सोडावा हें ठरविणें व बॅट फिरविणें, हीं तिन्ही कामें उरकावयाचीं असतात.

आमचीं मुलें बहुधा क्रिकेट खेळून येथें येतात. तेथें चेंडू टप्पा घेऊन येतो. फलंदाज पुढच्या पायावर झुकून, उभी बॅट धरून त्यास सामोरा जातो. येथें टप्पा नाहीं. बॅट आडवी फिरते, ती गोल असते, व तिची जाडी सव्वादोन इंचांहून अधिक नसते. गोल चेंडूवर गोल बॅट बसवावयाची, म्हणून बॅट चेंडूच्या रेषेंत लवकर यावी व जितकी अधिक वेळ त्या रेषेंत राहील तितकें बरें. हें केवळ दंडाच्या बळानें साधत नाहीं; त्यास क्रम लागतो.

हा क्रम समजण्यास आमच्या शेतांतील गोफणीसारखें दुसरें उदाहरण नाहीं. ज्वारी राखणारा मनुष्य पाखरांवर गोफण फिरवितो, तेव्हां प्रथम त्याचे पाय रोवले जातात, मग कंबर वळते, कमरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर व मनगट, आणि सर्वांच्या शेवटीं दगड सुटतो. शरीराचा जड भाग आधीं वेग घेतो. तो थबकला कीं त्याचा वेग पुढील हलक्या भागास मिळतो. अंगबळांत दावीद हा गल्याथापुढें कांहींच नव्हता. परंतु देवावरील विश्वासाबरोबर ही अंगवळणीं पडलेली विद्याही त्याच्यापाशीं होती.

आतां टोल्याचीं अंगें पाहूं. पाय खांद्यांहून किंचित् अधिक रुंद ठेवून, गुडघे थोडे वांकवून उभें राहावें. बॅट तळहातांत आवळूं नये. बोटांत सैल धरावी. समोरचा हात फिरूं लागतांच अंगाचा भार मागच्या पायावर घ्यावा व दोन्ही हात मागच्या खांद्याजवळ न्यावे. मग चेंडू टाकणारीच्या दिशेनें वीतभर पाऊल टाकावें; तें हलकें पडावें, त्याबरोबर सर्व अंग पुढें झुकूं नये. पुढची टांच टेकली कीं मागचा गुडघा व कंबर वळवावी आणि हात त्यांच्या मागून येऊं द्यावे. हात अंगाजवळूनच निघावे. ते आधींच लांब पसरले, तर बॅटचा फेरा मोठा होतो व तिला उशीर होतो. चेंडू लागतांना एक तळहात वर व दुसरा खालीं असावा, आणि डोकें स्थिर असावें. अंगाजवळचा चेंडू थोडा पुढें गांठावा, दूरचा थोडा मागें येऊं द्यावा. टोल्यानंतर बॅट थांबवूं नये. तिचा फेरा पुरा होऊं द्यावा.

गतवर्षीं आमच्या संघांत नववींतील एक मुलगी होती. धांवण्यांत व झेल घेण्यांत ती अग्रेसर; परंतु बॅट हातीं आली कीं चेंडू चुकलाच म्हणून समजावें. आम्ही "जोर लाव" म्हणून ओरडत असूं, व ती जितका जोर लावी तितकी अधिक चुके. अखेर संघांतून नांव काढण्याची चिठ्ठी तिनें आमच्या हातीं दिली. ती स्वीकारण्यापूर्वीं आम्हीं तिचे दहा टोले मोबाईलवर टिपून संथ गतीनें पाहिले. हात कधींच पुढें गेलेले, कंबर मात्र जागच्या जागीं. आणि पुढचें पाऊल दर वेळीं चेंडूपासून दूर, बाजूस पडत होतें. कारण विचारतां ती म्हणाली, "सर, मागें एकदां बरगडीवर चेंडू बसला होता." दोष बळाचा नव्हता, भीतीचा होता, आणि त्यावर आम्ही जोराचें औषध देत होतों!

मग आम्हीं ओरडणें सोडलें. पहिला आठवडा कापूस भरलेल्या चिंध्यांच्या चेंडूवर घालविला. शिरस्त्राण घालून, अंगावर येणाऱ्या चेंडूस पाठ देऊन मान खालीं कशी घालावी, हें तिला आधीं शिकविलें. जमिनीवर चुन्याची रेघ ओढली व पाऊल तिच्यावरच पडावें एवढेंच सांगितलें. त्यानंतर लांकडी पाटावर उभ्या केलेल्या रबरी नळीवर चेंडू ठेवून कंबर आधीं व हात मागून हा क्रम घटविला. मग बाजूनें हळूच उडविलेला चेंडू, आणि सर्वांच्या शेवटीं खरी गोलंदाजी. एका वेळीं एकच दोष, वीस टोले, मग विसांवा, हा नियम आम्हीं मोडला नाहीं.

सहा आठवड्यांनीं धुळ्यास मित्रत्वाचा सामना झाला. त्यांत ती दोनदां बाद झाली. तिसऱ्या खेपेस चेंडू दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधून निघाला आणि ती पहिल्या बेसवर उभी राहिली. दुसऱ्या दिवशीं तिनें आपली चिठ्ठी परत मागून घेतली.

विद्यार्थ्यांनो, टोला चुकला तर हातांस दोष देण्यापूर्वीं पायांकडे पाहा. आणि आम्हां शिक्षकांस एवढेंच सांगणें कीं, मूल चुकत असतां मोठ्यानें ओरडण्याआधीं तें कां चुकतें हें त्याला एकदां विचारावें.