दोन रुपयांचा प्रोड्यूसर

परवा रात्री मैत्रिणीचा मेसेज आला. ‘शॉर्टफिल्म करतेय, लिंक पाठवलीय, हजार रुपये टाक ना!’ खाली तीन स्मायली. खरं सांगू? मी अर्धा तास काहीच उत्तर दिलं नाही. कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका लिंकवर एका कॉमिक बुकसाठी मी पंधराशे रुपये टाकले होते. पुस्तक आजतागायत आलेलं नाही. पहिले दोन महिने झकास स्केचेस यायची, मग ‘प्रिंटरचा प्रॉब्लेम’, मग सामसूम!

क्राऊडफंडिंग हा शब्द आपल्याकडे नवा, पण फंडा जुनाच. गणपतीची वर्गणी म्हणजे दुसरं काय? आणि मराठी प्रकाशक ‘प्रकाशनपूर्व सवलत’ म्हणून आगाऊ पैसे घेऊन जाडजूड ग्रंथ काढतात, तेही तेच.

सिनेमात तर आपल्याकडे याचा बाप होऊन गेलाय. १९७६चा श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, पडद्यावर स्मिता पाटील. पैसे देणारे शेतकरी मग ट्रक भरभरून ‘आपलं’ पिक्चर बघायला आले. २०२४ मध्ये त्याची नवी, रिस्टोअर केलेली प्रिंट थेट कान फेस्टिव्हलला दाखवली गेली. दोन रुपयांत एवढं! पण लक्षात घ्या, इथे मागे सहकारी संघ होता. पैसे कोणाकडे गेले, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

असं काही पाठीशी नसताना काय करायचं? कन्नड दिग्दर्शक पवन कुमारला ‘लूसिया’साठी प्रोड्यूसर मिळेना, तेव्हा त्यानं आपली कैफियत सरळ इंटरनेटवर मांडली. २७ दिवसांत शंभरावर लोकांकडून पन्नासेक लाख जमले. २०१३ मध्ये सिनेमा आला, लंडनच्या इंडियन फिल्म फेस्टिव्हलमध्ये प्रेक्षकांचं बक्षीसही घेऊन आला. माझ्या मते त्याची खरी कमाल पैसे जमवण्यात नव्हती. तो मागताना काहीही झाकत नव्हता, ही होती.

झाकलं की काय होतं, किंवा नुसतं विसरलं तरी काय होतं, त्याचा किस्सा अमेरिकन गायिका अमांडा पामरचा. २०१२ मध्ये तिनं किकस्टार्टरवर एक लाख डॉलर मागितले, मिळाले जवळपास बारा लाख! मग टूरवर गावोगावच्या वादकांना तिनं फुकट वाजवायला बोलावलं आणि लोक खवळले. एवढे पैसे गेले कुठे? शेवटी तिनं वादकांना मानधन दिलं.

बरं, बुडतात किती? व्हार्टन स्कूलच्या ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या सत्तेचाळीस हजार बॅकर्सना विचारून पाहिलं. साधारण नऊ टक्के प्रोजेक्ट्सनी कबूल केलेली गोष्ट दिलीच नाही. म्हणजे माझं कॉमिक त्या नऊ टक्क्यांतलं म्हणायचं. उशीर मात्र बरेच जण करतात, तो धरूनच चाला. आणि हो, टार्गेट पूर्ण झालं नाही तर किकस्टार्टरवर तुमच्या खात्यातून पैसे जातच नाहीत. प्रत्येक साइटवर असं नसतं, कमी जमले तरी घेणाऱ्याही आहेत. हे आधी बघायचं.

आता मी ट्रेलर बघतच नाही. बजेट मागते. त्यात साइटचं कमिशन, टॅक्स आणि कुरिअर धरलंय का, एवढंच पाहते. पाचशे रुपयांच्या टी-शर्टला ऐंशी रुपयांचं कुरिअर लागतं, हे उत्साहाच्या भरात भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. शिवाय याआधी या माणसानं काही पूर्ण केलंय का? एखादी एकांकिका, दहा मिनिटांची फिल्म, काहीही चालेल.

मैत्रिणीला हे सगळं विचारलं, तर मॅडम फुगल्या. ‘तू बँक आहेस का गं?’ म्हणाली. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मेलवर एक्सेल शीट आली. कॅमेऱ्याचं भाडं, साउंड, एडिटिंग, साइटचं कमिशन, डीव्हीडीऐवजी लिंक देणार म्हणून कुरिअर शून्य, आणि युनिटच्या वडापावसाठी तीन हजार.

मी हजार टाकले. पावतीही मागून घेतली.