जपानचा पासपोर्ट, भारताची जर्सी : मिडफिल्डर अराता इझुमी

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्ये फुटबॉलच्या दर्दी मंडळींची कमी नाही. हालांडने कुठल्या मॅचला किती गोल ठोकले हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण हाच प्रश्न जरा वळवून विचारा : जपानचं नागरिकत्व सोडून भारताकडून खेळलेला मिडफिल्डर कोण? बहुतेकांची विकेट पडेल. उत्तर आहे अराता इझुमी. आणि गंमत म्हणजे हा पठ्ठ्या आधी आपल्या मुंबईत खेळून गेलाय!

मित्सुबिशी ते महिंद्रा

अराताचा जन्म 31 जुलै 1982 चा, जपानमधल्या शिमोनोसेकी गावचा. आई जपानी, वडील गुजराती. त्यामुळे त्याचं एक भारतीय नावही आहे, नीलकंठ. तो दहा-अकरा वर्षांचा होता तेव्हा, म्हणजे 1993 साली, जपानमध्ये जे-लीग सुरू झाली. तोपर्यंत तिथलं मोठं फुटबॉल म्हणजे कंपन्यांच्या टीम. कामगार आणि कर्मचारी खेळायचे, कंपनी पगार द्यायची. जे-लीगने नियम केला की टीमच्या नावात कंपनी नको, गाव हवं. मग मित्सुबिशीची टीम झाली उरावा रेड्स, निस्सानची झाली योकोहामा मारिनोस, माझदाची सानफ्रेचे हिरोशिमा. यानमार डिझेलची टीम सेरेझो ओसाका झाली. (मेकॅनिकलवाल्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. व्हायवात विचारणार नाहीत, तरी!)

अराता या मोठ्या क्लबांपर्यंत पोचला नाही. सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स नीगाता आणि जपानमध्ये खालच्या पातळीवर मित्सुबिशी मिझुशिमा, एवढीच त्याची सुरुवातीची कमाई. ही दुसरी टीम मोटारींच्या कारखान्याची. म्हणजे गुणवत्ता आहे, पण रांग फार लांब आहे, अशी अवस्था. कॅम्पसच्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांची होते तीच.

2006 मध्ये तो कोलकात्याला ईस्ट बंगालकडे आला आणि पुढच्या मोसमात मुंबईला, महिंद्रा युनायटेडकडे. बोरिवलीहून हायवेने येताना कांदिवलीला ज्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना लागतो, त्याच महिंद्रांची ही टीम. 1962 साली सुरू झालेली, 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेली. मॅचेस व्हायच्या कूपरेजला. म्हणजे जपानमधल्या मोटार कंपनीच्या टीममधून निघालेला माणूस दोन वर्षांत इथल्या मोटार कंपनीच्या टीममध्ये येऊन पोचला. तो इथे असताना, 2008 साली, महिंद्राने ड्युरँड कपही जिंकला.

मिडफिल्डर करतो तरी काय?

स्ट्रायकरचं काम कोणालाही कळतं. गोलकीपरचं तर बॅटबॉलवाल्यालाही कळतं. मिडफिल्डरचं काम मात्र गाडीच्या गिअरबॉक्ससारखं असतं, नीट चाललं की कोणाचं लक्षच जात नाही. मागून आलेला बॉल घ्यायचा, घेण्याआधीच मान वळवून आजूबाजूला कोण आहे ते बघून ठेवायचं, आणि दोन टचमध्ये बॉल अशा जागी द्यायचा की पुढच्याला पळायला मोकळं मैदान मिळेल. बॉल पायात नसतानाही काम सुरूच. एका मॅचमध्ये मिडफिल्डर साधारण दहा-अकरा किलोमीटर पळतो. अंधेरी स्टेशनपासून रुळांच्या कडेने गोरेगावपर्यंत आणि परत, असा हिशोब करा. तोही नव्वद मिनिटांत आणि मध्ये अकरा जण अडवायला.

आपल्याकडे मैदानं पावसाने जड होतात, त्यामुळे मागून लांब बॉल हाणायचा आणि पुढे धडाधड पळायचं ही सवय जुनी. अराताचा खेळ याच्या उलटा होता. जमिनीवरून छोटे पास द्यायचे, सतत जागा बदलायची, आणि संधी दिसली की स्वतः बॉक्समध्ये घुसायचं.

परदेशी जागांचं गणित

आता जरा नियम समजून घेऊ, कारण या करिअरची खरी गोष्ट तिथेच आहे. आपल्या लीगमध्ये क्लबला परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात. पुढे तीन परदेशी अधिक एक आशियाई अशीही रचना होती. मोजक्याच जागा म्हटल्यावर क्लब काय करणार? गोल मारणारा धिप्पाड स्ट्रायकर घेणार, नाहीतर तसाच भक्कम सेंटर बॅक. मधल्या फळीतल्या, अंगाने बारीक जपानी पोरावर त्यातली एक जागा खर्च करायला हिंमत लागते.

पुणे एफसीने ती हिंमत केली. 2009 मध्ये हा क्लब आय-लीगमध्ये आला. प्रशिक्षक होते डेरिक परेरा, महिंद्राला नॅशनल लीग जिंकून देणारे. अराताही पुण्याला गेला आणि बालेवाडीच्या मैदानावर अनेक मोसम रमला. पहिल्याच वर्षी टीम तिसरी आली, 2012-13 मध्ये दुसरी. इकडे मुंबईत काय झालं? 2009-10 चा मोसम संपला आणि महिंद्रा युनायटेड बंद करण्यात आली. जपानमध्ये कंपन्यांच्या टीम गावांच्या झाल्या आणि टिकल्या. आपल्याकडे कंपनीने हात काढला की टीमच संपली.

दोन पासपोर्ट चालत नाहीत

एव्हाना अराता भारतात रुळला होता. वडील भारतीय, काम भारतात, मग भारताकडून का खेळू नये? वाटतं तेवढं हे सोपं नाही. एकाच वेळी दोन देशांचं नागरिकत्व ठेवायला भारताचा कायदा परवानगी देत नाही. परदेशस्थ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल तर इथे राहता येतं, नोकरी करता येते, पण मतदान करता येत नाही. आणि 2008 च्या अखेरीस केंद्र सरकारने धोरणच ठरवलं की देशाच्या टीममध्ये फक्त भारतीय पासपोर्टवाले. तिकडे जपानचा कायदाही तसाच. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की जपानचं गेलं.

म्हणजे एक हातात घ्यायचं तर दुसरं सोडायचं. अराताने 2012 मध्ये जपानचं सोडलं.

जरा विचार करा. त्या वेळी फिफाच्या यादीत भारत 160 च्याही पलीकडे होता. जपान वर्ल्डकपचा नेहमीचा भिडू. शिवाय भारतीय पासपोर्टवर जपानला जायचं तर व्हिसा लागतो. म्हणजे स्वतःच्या जन्मगावी जायलाही आता याला व्हिसा! इथे आपण जीआरई देऊन उलट्या दिशेच्या रांगेत उभे, आणि हा माणूस समोरून येतोय.

बदल्यात काय मिळालं? 6 फेब्रुवारी 2013 रोजी कोचीला पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताच्या जर्सीत उतरला. परदेशी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळणारा हा पहिला फुटबॉलपटू. मॅच आपण 2-4 हरलो. त्याचं वय तेव्हा तीस. मिडफिल्डरसाठी तीस म्हणजे फायनल इयरचा शेवटचा सेमिस्टर. त्यामुळे देशासाठी त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले.

क्लबच्या बाजूने मात्र सगळं गणित फिरलं. आता त्याला घेताना परदेशी जागा खर्च होत नव्हती. जुलै 2015 मध्ये मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी दहा भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला, त्यात सुनील छेत्रीबरोबर अराताचंही नाव होतं. त्याला अ‍ॅटलेटिको दी कोलकाताने घेतलं आणि तेहतिसाव्या वर्षी त्याने गोल मारून दाखवले. पुढे एफसी पुणे सिटी, मग केरला ब्लास्टर्स. दरम्यान 2015 मध्ये त्याचा पुणे एफसीही बंद पडला. खेळणं थांबवल्यावर तो नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत पोरांना शिकवू लागला. म्हणजे आपल्या मुलुंडवरून ऐरोली पूल ओलांडला की पलीकडेच.

मग यातून काय मिळालं?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करून मोजकेच सामने आणि गोल शून्य, काय उपयोग? हा हिशोब बरोबर वाटतो, पण अपुरा आहे. अराताने दाखवून दिलं की ही वाट चालता येते आणि तिची किंमत किती आहे. त्याच्यानंतर त्या वाटेवर दुसरं पाऊल पडायला बारा-तेरा वर्षं लागली. नोव्हेंबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने भारतीय पासपोर्ट घेतला. त्याच्या आईची मुळं मुंबईतली, आजोबा संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. या दोघांच्या मधल्या काळात 'परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना आणा' अशी चर्चा दर पराभवानंतर व्हायची. चर्चा करणाऱ्यांना पासपोर्ट सोडायचा नव्हता, सोडणाऱ्याला सोडायचा होता. फरक एवढाच.

आणि दुसरी बाजूही बघायला हवी. एक-दोन पासपोर्ट बदलून टीम बदलत नाही. अराता आला त्या वर्षी, सप्टेंबर 2013 मध्ये, सॅफ स्पर्धेच्या फायनलला आपण अफगाणिस्तानकडून 0-2 हरलो. जपान पुढे गेला तो गावोगावच्या क्लबांमुळे आणि त्यांच्या पोरांच्या टीममुळे. म्हणूनच वाटतं, अराताने भारतासाठी केलेलं सर्वांत उपयोगाचं काम जर्सीतलं नसेलही. ते अकादमीच्या मैदानावरचं असेल, जिथे तो पोरांना बॉल येण्याआधी मान वळवून बघायला शिकवतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मॅच बघायला जाल तेव्हा गोल मारणाऱ्याबरोबर मधल्या फळीतल्या त्या न दिसणाऱ्या माणसाकडेही दहा मिनिटं बघा. बॉलकडे नको, फक्त त्याच्याकडे. गिअरबॉक्स कसा चालतो ते कळेल!