दिवा कमी खाणारा, पण टिकणारा हवा

६० वॉटचा पिवळा बल्ब रोज ५ तास लावला, तर महिन्याला ९ युनिट खातो. तेवढाच उजेड ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटाच्या आत देतो. जुन्या बल्बची बहुतेक वीज नुसती उष्णतेत जाते.

“पण तो लवकर जातो हो!” ही तक्रारही खरी. रात्री उसाला दारं धरायला जावं आणि मोटारीच्या खोलीत अंधार, म्हणजे साप-किरडूची भीती. बिघडतो तो बहुधा बुडातला विजेचा भाग. उष्णता आणि कमी-जास्त दाब त्याला सोसत नाही. म्हणून दिवा बंद हंडीत कोंडू नये, होल्डर घट्ट असावा. मानक चिन्ह व हमी पाहून घ्यावा, पावती जपावी. स्वस्तातला दोनदा घेतला की महागच पडतो.