ओट्याखालचं गणित

स्वयंपाकघरातला ओटा साधारण 2 फूट खोल असतो. शेगडी, परात, पोळपाट नीट मावायचं तर तेवढी खोली लागतेच. पण ओटा 2 फुटांचा झाला की त्याखालचं कपाटही 2 फूट खोल होतं आणि त्यातलं मागचं अर्धं असून नसल्यासारखं होतं. कडाप्प्याच्या जुन्या मांडणीसमोर उकिडवं बसून मागच्या रांगेतली साबुदाण्याची बरणी ज्यांनी काढली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढचे चार डबे बाहेर काढायचे, वाकून अंधारात हात घालायचा, बरणी घ्यायची आणि चारही डबे पुन्हा जागेवर ठेवायचे. एका बरणीसाठी नऊ वेळा उचल-ठेव!

ट्रॉलीने हा सगळा खटाटोप एका ओढीत संपवला. हात वस्तूपर्यंत जाण्याऐवजी वस्तूच हातापर्यंत येऊ लागली. कपाटाची लांबी, रुंदी, खोली काहीच वाढलं नाही. तरी हरवलेली अर्धी जागा परत मिळाली. या साध्या उलटापालटीचं मला फार अप्रूप वाटतं.

भरलेली ट्रॉली पूर्ण उघडून एकदा बाजूने पाहा. ती कपाटाच्या बाहेर जवळपास अधांतरी असते, तरी कलत नाही. ही करामत बाजूच्या चॅनेलची. त्यात एकात एक बसणाऱ्या तीन पट्ट्या असतात. एक कपाटाला घट्ट, एक ट्रॉलीला घट्ट आणि मधली दोघींच्या मध्ये मोकळी. दोनच पट्ट्या असत्या तर एकमेकींची पकड टिकवण्यासाठी ट्रॉलीचा मागचा भाग आतच ठेवावा लागला असता. मधली पट्टी स्वतः निम्मी बाहेर येते, म्हणून ट्रॉली पूर्ण बाहेर येऊ शकते. पट्ट्यांच्या मध्ये पोलादी गोळ्यांची रांग घरंगळत असते. त्यातही एक मौज आहे: पट्टी 1 फूट सरकते, तेव्हा गोळ्या बरोबर अर्धा फूटच पुढे जातात. आणि आपोआप हळू मिटणाऱ्या ट्रॉलीत शेवटच्या काही इंचांवर छोटी नळी आणि दट्ट्या वाट पाहत असतात. नळीतलं घट्टसर तेल बारीक वाटेने निसटतं; तुम्ही जितक्या जोरात ढकलाल, तितका त्याचा विरोध जास्त. ट्रॉली आदळत नाही, ती या तेलामुळे.

आता वजनाचा हिशेब करू. 3 फूट रुंदीच्या ट्रॉलीत 3 लिटरचे गोल स्टीलचे डबे पाचांच्या तीन रांगांत, म्हणजे 15 बसतात. लिटरभर तांदूळ साधारण 800 ग्रॅम भरतो. म्हणजे नुसतं धान्यच 36 किलो झालं; डब्यांचं वजन वेगळं. बाजारात सर्रास मिळणाऱ्या चॅनेलच्या जोडीवर 35 ते 45 किलोंची क्षमता लिहिलेली असते. चमचे-डाव ठेवायच्या ट्रॉलीला जे चॅनेल उत्तम, ते डाळ-तांदळाच्या ट्रॉलीला कमी पडू शकतं. सुतारकाम सुरू होण्याआधी कुठल्या ट्रॉलीत काय जाणार हे ठरलेलं असावं लागतं, ते यासाठी.

डब्यांच्या आकारातही भूमिती दडलेली आहे. गोल डबे ओळीने मांडले की त्यांच्या मधल्या सांदींत 21 टक्क्यांहून थोडी अधिक जागा रिकामी राहते. हा आकडा डब्याच्या मापावर अवलंबून नाही. एक लिटरचा घ्या किंवा दहाचा, चौकोनात बसलेलं वर्तुळ एवढी जागा सोडतंच. चौकोनी डबे ही जागा वाचवतात. पण गोल डब्याला आत कोपरे नसतात. पीठ अडकत नाही आणि घासताना हात सलग फिरतो. जागा हवी की सोय, हे ज्याचं त्याने ठरवावं. ठरवताना किंमत माहीत असलेली बरी.

मग आखणी सुरू कुठून करायची? भांड्यांपासून. सगळी भांडी जमिनीवर मांडून टेपने मोजावीत. कुकर झाकण आणि शिट्टीसकट मोजावा, पातेलं वरच्या झाकणासकट. वाट्या-पेल्यांची ट्रॉली उथळ चालते, ताटं उभी लावली तर एकेक ओढून घेता येतं, आणि कढई-पातेल्यांना खोल ट्रॉली लागते. त्यानंतर प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: तू किती वेळा लागतेस? गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा रोजच्या वस्तूंचा. तिथे फार वाकावं लागत नाही, चवडेही उचलावे लागत नाहीत. मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र सणावारी लागणारं. त्यांना माळा चालतो. जड खलबत्ता मात्र कितीही क्वचित लागत असला तरी डोक्याच्या वर नको. मिसळणाचा डबा शेगडीच्या शेजारी हवा, थेट वर नको. उष्णता आणि वाफ मसाल्यातली सुगंधी तेलं उडवून लावतात.

भिंतीवरच्या कपाटातल्या फळ्यांचं गणित तर थक्क करणारं आहे. दोन टोकांना टेकलेल्या फळीवर सलग सारखं वजन ठेवलं, तर मधला झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. 2 फुटांच्या जागी 3 फुटांची फळी टाकली की ती दीडपट वाकेल असं वाटतं; प्रत्यक्षात झोल पाचपट होतो. 4 फुटांची टाकली तर सोळापट! उलट, फळीची जाडी दुप्पट केली की झोल आठपट कमी होतो. लांब कपाटाच्या मध्ये सुतार एक उभी फळी देतो, तेव्हा दिसायला तो जागा तोडत असतो. पण त्या एका फळीने वरच्या दोन्ही भागांचा झोल सोळाव्या हिश्श्यावर येतो. शाळेत घातांक शिकताना मनात आलेल्या ‘याचा उपयोग काय’ या प्रश्नाचं उत्तर या फळीत आहे.

ओट्याखाली गॅसचा सिलिंडर ठेवणार असाल, तर तिथे एक अदृश्य गोष्ट लक्षात घ्यावी लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, तळाशी साचतो. म्हणून त्या कपाटाला जाळी किंवा भोकं अगदी खाली, जमिनीलगत हवीत. नुसती वर असून भागणार नाही. त्या कप्प्यात विजेचं बटण किंवा प्लग कधीच नको.

स्वयंपाकघराच्या अशा काटेकोर आखणीचं एक मोठं पर्व जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये 1926 साली सुरू झालं. शहरात कामगारांसाठी नव्या वसाहती उभ्या राहत होत्या आणि मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डब्यातल्या इवल्याशा स्वयंपाकघरात किती माणसांचं जेवण तयार होतं, हे त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलं. सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब एवढ्या जागेत ओटा, शेगडी, कपाटं, भिंतीला मिटणारी इस्त्रीची फळी, कचऱ्याचा खण असं सगळं त्यांनी बसवलं. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली. त्यांतली मला सर्वांत मोहवणारी वस्तू म्हणजे ॲल्युमिनियमचे छोटे खण. प्रत्येकाला मूठ आणि पुढे निमुळतं तोंड; खण ओढायचा आणि त्यातूनच तांदूळ किंवा साखर थेट भांड्यात ओतायची. डबा, झाकण, माप ही तिन्ही कामं एका खणात! प्रत्येक खणावर त्यातल्या जिनसाचं नावही कोरलेलं होतं.

आणि नेमकं तिथेच ते गणित अपुरं पडलं. राहायला आलेल्या बायकांनी त्या खणांत आपल्याला हवं ते भरलं. नाव एकाचं, आत दुसरंच. माझ्या मते त्यात त्या बायकांचं काही चुकलं नाही. कुठल्या घरात काय किती लागतं, हे त्या घरालाच माहीत असतं. भाकरीच्या घरात पिठाला मोठी जागा हवी, भाताच्या घरात तांदळाला. घरात बाळ आलं किंवा वयस्कर माणूस राहायला आलं की सगळी मांडणी पुन्हा बदलते.

कारखान्यात तयार होणाऱ्या आजच्या कपाटांनी या प्रश्नावर सुंदर तोड काढली आहे. कपाटाच्या बाजूच्या फळीवर आतून एक उभी रांग दिसते: 5 मिलिमीटर व्यासाची भोकं, एकापासून दुसरं बरोबर 32 मिलिमीटरवर. फळीच्या खुंट्या, बिजागऱ्यांच्या पट्ट्या, चॅनेल, सगळं या एकाच मापात बसतं. आज इथे असलेली फळी उद्या दोन भोकं वर सरकवता येते, परवा तिच्या जागी ट्रॉली बसवता येते. आखणाऱ्याने नाव कोरण्याऐवजी रिकामं भोक ठेवलं आणि शेवटचा निर्णय ओट्यापाशी रोज उभं राहणाऱ्या माणसाकडे सोपवला. मला स्वयंपाकघराच्या सगळ्या शोधांत हा सर्वांत शहाणा वाटतो.

तुमचं स्वयंपाकघर सुतार घरी बसून करणार असेल, तरी त्याच्याकडून ही भोकं मारून घेता येतात. जरा जास्तीचं मोजमाप, एवढाच खर्च. आराखड्यावर होकार देण्याआधी त्याला रंग आणि लॅमिनेटइतक्याच आस्थेने एक प्रश्न विचारा: यातली कुठली फळी मला पाच वर्षांनी हलवता येईल?